खडूच्या टेकडीवरील वर्तुळे आणि नवगावचे उंचवटे



आज मी मृतांच्या जागांविषयी बोलणार आहे. मी ज्या गावी राहते तेथील एका टेकडीवर चार हजार वर्षांच्या दफनांच्या आणि त्यांच्यानंतरच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. त्या कशा सापडल्या, त्यांतून काय कळले आणि काय कळू शकले नाही, हे मी प्रथम सांगेन. नंतर नवगावच्या आपल्या दोन उंचवट्यांकडे येईन, कारण मला बोलायचे आहे ते मुख्यतः त्यांच्याविषयी.

बेसिंगस्टोक हे लंडनहून साउथॅम्प्टनकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हॅम्पशर परगण्यातील शहर. येथे पाहण्यासारखे काही नाही, रस्त्यांवर गोल चौक तेवढे फार, असे इंग्रज लोक हसून म्हणतात. १९६१ मध्ये लंडनची वाढती वस्ती सामावून घेण्याचा करार झाला आणि एका बाजारगावाचे शहर होऊ लागले. शेतांच्या जागी घरे आली. घरांचे पाये खणण्यापूर्वी जमिनीत काय आहे ते पाहून घ्यावे, ही जाणीव त्याच काळात या देशात बळावली. म्हणून या शहराचा प्राचीन इतिहास बराचसा नव्या घरांमुळेच उजेडात आला, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

शहराच्या पूर्वेस, लॉडन नदीच्या खोऱ्यावर पाहणाऱ्या एका उंच पाठीला काउडरीज डाउन म्हणतात. ‘डाउन’ म्हणजे खडूच्या खडकाची, झाडी नसलेली, गवताळ टेकडी. १९७८ ते १९८१ या काळात मार्टिन मिलेट आणि सायमन जेम्स यांनी तेथे उत्खनन केले. वरची माती काढून खडूचा पृष्ठभाग मोकळा होताच निरनिराळ्या काळांच्या खुणा एकीवर एक उमटलेल्या दिसल्या. सर्वांत जुन्यांमध्ये कांस्ययुगातील वर्तुळाकार चर होते. दफनाच्या उंचवट्याभोवती जो चर खणीत, तो हा. उंचवटे मात्र उरले नव्हते. शतकानुशतकांच्या नांगरटीने ते मातीत मिळून गेले होते.

असा उंचवटा घडवण्याची रीत साधी होती. मृताला किंवा त्याच्या रक्षेला भूमीत ठेवायचे, भोवती गोल चर खणायचा, आणि चरातून निघालेला खडू आत रचायचा. इंग्लंडमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे २२०० ते १५०० या काळात असे हजारो उंचवटे उभे राहिले. आज जे टिकले आहेत त्यांवर गवत वाढलेले असते. परंतु ज्या दिवशी ते पुरे झाले त्या दिवशी ते पांढरेशुभ्र असणार, आणि खोऱ्यातून येणाऱ्याला दुरूनच दिसत असणार. हे वाचताना मला मिश्नातील नियम आठवला. अदार महिन्याच्या पंधराव्या दिवशी कबरींवर खूण करावी, आणि ती चुन्याने करावी, असे आपले हाखाम सांगून गेले. कोणी, विशेषतः कोहेन, नकळत कबरीवरून जाऊ नये, हा त्याचा हेतू. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून दर वर्षी ताजी खूण करावी लागे. खडू काय आणि चुना काय, मूळ द्रव्य एकच. काउडरीज डाउनच्या लोकांना मिश्ना ठाऊक असण्याचा प्रश्न नव्हता. त्यांचा धर्म निराळा होता आणि त्याचे नावही आपल्यापर्यंत आलेले नाही. पण मृताची जागा पांढरी करून जिवंतांना दाखवायची, ही गरज दोन्हीकडे होती.

आता, वर काही दिसत नसताना खाली चर आहे हे कळते कसे? हे एखाद्या परिचारिकेला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. जखम भरून येते, पण नवी कातडी जुनीसारखी होत नाही. व्रण राहतो, आणि ऊन लागले की तोच आधी वेगळा दिसतो. खडूचे तसेच आहे. त्यात एकदा चर खणला आणि तो पुढे मातीने भरला, तरी त्या मातीत ओलावा अधिक धरला जातो. पाऊस ओढ देतो तेव्हा सर्व शेत पिवळे पडते, परंतु चरावरचे पीक आणखी काही दिवस हिरवे आणि उंच राहते. जमिनीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ते जाणवत नाही. विमानातून मात्र हिरवे वर्तुळ स्पष्ट दिसते.

हे तंत्र नावारूपाला आणणाऱ्यांत ओ. जी. एस. क्रॉफर्ड हे नाव अग्रभागी आहे, आणि त्यांच्याविषयी दोन शब्द अधिक सांगण्याचा मोह मला आवरत नाही. हा मनुष्य १८८६ मध्ये आपल्या मुंबईत, ब्रीच कँडीला जन्मला. त्याचे वडील ठाण्यास न्यायाधीश होते. ठाण्याच्या ज्या रस्त्यांवरून आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे कचेरीत जात, तेच हे ठाणे. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. तान्ह्या मुलाला बोटीने इंग्लंडला पाठवले, आणि आत्यांनी त्याला वाढवले, काही काळ लंडनमध्ये आणि पुढे हॅम्पशरमध्ये. पहिल्या महायुद्धात तो विमानातून शत्रूच्या मुलखाची पाहणी करी. १९२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या भूमापन खात्याने त्याला आपला पहिला पुरातत्त्व अधिकारी नेमले. १९२८ मध्ये अलेक्झांडर केलर यांच्यासह त्याने दक्षिण इंग्लंडच्या प्राचीन स्थळांची आकाशातून घेतलेली छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. कुदळ न लावता जमीन वाचता येते, हे त्याने जगाला दाखवले. हा मुद्दा कृपा करून लक्षात ठेवा. मला तो पुढे लागणार आहे.

काउडरीज डाउनची खरी कीर्ती मात्र त्या वर्तुळांमुळे नाही. उंचवटे घडल्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी, इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांत, सॅक्सन लोकांनी त्याच टेकडीवर मोठमोठी लाकडी घरे बांधली. दगडाचे काम त्यांत नव्हते. खांब पुरण्यासाठी खडूत खळगे आणि चर खणले होते. लाकूड कुजून गेले, तरी खळग्यांचा आकार राहिला. त्या आकारावरून अभ्यासकांनी घरांच्या लांबी-रुंदी, दारे आणि आवारांची कुंपणे निश्चित केली. वस्तीचे तीन टप्पे ओळखता आले. शेवटच्या टप्प्यातील सर्वांत मोठे सभागृह सुमारे २२ मीटर लांब होते. आपल्या कोकणातील एखादे सिनेगॉग सहज आत मावावे एवढे ते असणार.

एवढी भव्य घरे, आणि वस्तू? जवळजवळ काहीच नाहीत. थोडीशी खापरे, किरकोळ तुकडे. या घरांत काही श्रीमंत माणसे राहत असावीत हे इमारतींवरून उघड दिसते. पण त्यांची भांडी, दागिने, शस्त्रे तेथे मिळाली नाहीत. घरांचा मागमूस खळग्यांच्या रूपाने उरला नसता, तर केवळ वस्तू मोजणाऱ्याने तेथे मोठी वस्ती होती हे मान्यच केले नसते.

ही गोष्ट आपल्याला पुष्कळ शिकवते. आपल्या पूर्वजांची घरे कुडाची आणि मातीची, छप्पर गवताचे किंवा कौलारू, आणि घाणे लाकडाचे. शनवार तेली या नावाने ज्यांना शेजारी ओळखत, त्यांनी दगडात काय मागे ठेवावे? कोकणचा पाऊस लाकडाला किती वर्षे राहू देतो? आपल्याविषयीच्या सुरुवातीच्या लेखी नोंदींत सार्टोरियस या मिशनऱ्याचे १७३८ चे पत्र आहे. मुंबईतील आपले पहिले सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. त्यामागच्या काळाविषयी कोणी विचारतो, ‘‘पुरावा कोठे आहे?’’ तेव्हा काउडरीज डाउनचे रिकामे सभागृह माझ्या डोळ्यांसमोर येते. मात्र न्यायाची बाजू अशी की, वस्तू न मिळणे हा जसा आमच्याविरुद्ध पुरावा नाही, तसा तो आमच्या बाजूचाही नाही. आपली तरुण मुले परदेशी विद्यापीठांत शिकतात. त्यांच्यासमोर आपण दोन हजार वर्षांचा आकडा ठामपणे मांडतो, तेव्हा ती परंपरा आहे असे म्हणावे, सिद्ध झालेली गोष्ट आहे असे म्हणू नये. परंपरा म्हटल्याने तिचा मान कमी होत नाही.

नावांचेही थोडे सांगते. बेसिंगस्टोकच्या शेजारी ओल्ड बेसिंग हे गाव आहे. ‘बेसिंग’ म्हणजे बासा किंवा तत्सम नावाच्या पुरुषाचे लोक, आणि ‘स्टोक’ म्हणजे मूळ गावापासून वेगळी, बाहेरची वाडी. म्हणजे आजचे एवढे मोठे शहर नावाने एका छोट्या गावाची वाडीच आहे. आपली आडनावे याच जातीची. केहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, नवगावकर. लोद, अश्दोद किंवा लंडनला घर असले तरी आडनावात कोकणातील गाव जपून ठेवलेले आहे. एखाद्या गावी आपले एकही घर राहिले नसेल, तरी खळगा भरल्यावर आकार राहतो, तसे ते आडनाव राहिले आहे.

त्याच टेकडीने आणखी एक काळ पाहिला. सतराव्या शतकातील यादवी युद्धात नदीपलीकडील बेसिंग हाउस या राजनिष्ठ सरदाराच्या वाड्याला वेढा पडला, आणि १४ ऑक्टोबर १६४५ रोजी क्रॉमवेलच्या सैन्याने तो पाडला. दहा वर्षांनी मनश्शे बेन इस्राएल आम्स्टरडॅमहून याच क्रॉमवेलकडे अर्ज घेऊन आले, आणि १६५६ पासून इंग्लंडमध्ये यहुद्यांना पुन्हा राहता येऊ लागले. १२९० मध्ये त्यांना येथून घालवून दिले होते.

मध्ययुगातील त्या यहुद्यांना मरणातही सुख नव्हते. ११७७ पर्यंत इंग्लंडमध्ये लंडनच्या बाहेर त्यांना कबरस्तानाची परवानगी नव्हती. विंचेस्टर, यॉर्क, लिंकन, कोठेही मृत्यू झाला तरी प्रेत लंडनला न्यावे लागे. त्या वर्षी दुसऱ्या हेन्री राजाने शहराबाहेर जागा घेण्याची मुभा दिली. विंचेस्टर हे आमच्याच परगण्याचे जुने शहर, आणि तेथील त्या काळच्या यहुदी कबरस्तानाचा काही भाग अलीकडच्या काळात खोदकामात सापडला. यॉर्कचे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. तेथे ११९० मध्ये समाजाचा संहार झाला होता. ज्या जागेला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘ज्यूबरी’ म्हणत, तेथे १९८२-८३ मध्ये दुकानाच्या वाहनतळासाठी उत्खनन झाले आणि जवळजवळ पाचशे सांगाडे निघाले. ती माणसे आपली आहेत की नाहीत याविषयी प्रथम शंका होती. नंतर मुख्य रब्बींनी आग्रह धरला, अभ्यास आवरता घेण्यात आला, आणि १९८४ मध्ये सर्वांना पुन्हा भूमीत ठेवले गेले.

यावर दोन पक्ष पडतात. अस्थींवरून आजार, वय, आहार, श्रम यांचे ज्ञान होते, हे खरे आहे. मी शुश्रूषेचे शिक्षण घेतले आहे, मला त्या ज्ञानाची किंमत कळते. आमच्याच बेसिंगस्टोकमध्ये व्हायेबल्स फार्म येथे लोहयुगातील एका खड्ड्यात दोन स्त्रियांचे दफन, जवळ पशूंच्या अस्थींसह, मिळाले. त्या दोघी कोण, त्यांना एकत्र का ठेवले, हे जाणून घ्यावेसे कोणाला वाटणार नाही? तरीही वॉर्डात आम्हांला पहिल्या वर्षी जे शिकवले ते माझ्या हातांत अजून आहे. प्राण गेल्यावरही शरीर झाकूनच ठेवायचे, आणि आवश्यक तेवढेच उघडायचे. जिथे रस्ता किंवा घर येणारच आहे तिथे उत्खनन होऊ द्यावे, आणि अभ्यासानंतर मृताला भूमी परत द्यावी. जिथे केवळ आपली जिज्ञासा आहे, तिथे कुदळ लावू नये. हे माझे मत आहे. विद्वानांनी ते मानावे असा आग्रह नाही.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा मोठी आहे, पण आज मी ती ओझरती सांगते. नागपूरजवळ जुनापाणी येथे मोठ्या शिळांची शेकडो दफनवर्तुळे आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने त्यांपैकी काही उकरली. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. तेथील लोक तान्ह्या मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून, त्यांत ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. घरातील मूल घरातच राहावे अशी त्या आईबापांची इच्छा असेल काय? प्रसूतिकक्षात आयुष्य काढलेल्या बाईला ते रांजण विसरता येत नाहीत.

आता नवगाव. अलिबागजवळच्या त्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि समुद्राने बाहेर टाकलेली प्रेते दोन उंचवट्यांत, पुरुष एकीकडे आणि स्त्रिया दुसरीकडे, अशी पुरली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, तेल अवीवला छापला गेला. त्यांनी ही परंपरा कागदावर आणली नसती तर आज ती किती विस्कळीत झाली असती, याची कल्पना करावी.

‘‘तेथे शास्त्रीय उत्खनन करून एकदाचा निकाल लावा,’’ असे आपल्यातील काही शिकलेले लोक म्हणतात. मी त्याला विरोध करते. पहिले कारण धर्माचे आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरे व्यवहाराचे. समुद्रकाठची दमट, आंबूस माती अस्थींना खडूसारखी सांभाळत नाही. उकरून काही मिळाले नाही तर लोक म्हणतील, कथा खोटी. मिळाले, आणि काळ निराळा निघाला, तरी तेच म्हणतील. २०१६ मध्ये आपल्या समाजाच्या रक्तातील अनुवंशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात यहुदी व भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वारसा स्पष्ट दिसला. तो निष्कर्ष जिवंत माणसांच्या संमतीने मिळाला. मृतांची संमती कशी घेणार?

पण उत्खनन नको म्हणजे काहीच नको, असे म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. काउडरीज डाउनचे उंचवटे शत्रूने नष्ट केले नाहीत. ज्यांना ते कोणाचे हे माहीत नव्हते, अशा साध्या शेतकऱ्यांच्या नांगराने ते गेले. १९४८ नंतर आपली बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. पेण, रेवदंडा, पनवेल, अलिबाग येथे काही माणसे तरी आहेत. आतल्या खेड्यांत कित्येक ठिकाणी कबरस्तान आहे आणि कबरीकडे जाणारा कोणी नाही. जुन्या कबरींवर पुष्कळदा अक्षर नसते. नुसता दगड, तोही झुडपात. जमिनीचा भाव वाढतो आहे. ‘‘नोंदी केल्या तर उलट लोकांचे लक्ष जाईल,’’ असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला ऐकवले. त्यांची भीती निराधार नाही. मात्र ज्या कबरस्तानाचा नकाशा नाही, ते कबरस्तान होते हे न्यायालयात कोण सिद्ध करणार?

म्हणून मला क्रॉफर्डचा मार्ग पसंत आहे. पाहणी करावी, मोजावे, चित्र घ्यावे, आणि भूमीला हात लावू नये. आज यासाठी विमानही लागत नाही. जमिनीत विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडून कोठे ओल अधिक आहे, कोठे दगड आहे, हे वरूनच मोजता येते. तो अभ्यासकांचा प्रांत. आपल्याला जे करता येईल ते फार सोपे आहे. कोकणात जाल तेव्हा मोजपट्टी आणि वही न्या. उत्तर दिशा कोणती ते आधी लिहा. कुंपणाच्या कोपऱ्यापासून पहिली कबर किती पावलांवर, कबरींचे डोके कोणत्या बाजूस, दगड काळा की जांभा, हे टिपून ठेवा. अक्षरे असतील तर छायाचित्र सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्या. तिरप्या उन्हात झिजलेले अक्षरही सावलीमुळे वाचता येते, भर दुपारी नाही. अक्षरांवर खडू किंवा चुना घासू नका, दगड खराब होतो. हिब्रू वाचता येत नसेल तर जसे दिसते तसे काढून घ्या, वाचणारे येथे आहेत. आणि गावातल्या शेजाऱ्यांना अवश्य विचारा. आगरी, कोळी, मुसलमान शेजाऱ्यांच्या घरी कोणती कबर कोणाची हे सांगणारी एखादी म्हातारी अजून असेल. तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहून घ्या आणि दिनांक घाला.

नवगावच्या दोन उंचवट्यांपासून आरंभ करावा असे मी सुचवते. लांबी, रुंदी, उंची, दोहोंमधील अंतर, समुद्रापासूनचे अंतर. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा. पाच वर्षांनी तीच मोजमापे पुन्हा घेतली म्हणजे माती किती वाहून गेली ते कळेल. ज्यांना या कामात भाग घ्यायचा असेल त्यांनी आपली नावे सभा संपल्यावर चिटणीसांकडे द्यावीत, आणि आपल्या घराण्याचे मूळ गाव कोणते तेही सोबत लिहावे.